रक्तगटाच्या रकान्यामागचा माणूस : कार्ल लँडस्टायनर



जून महिना आला की आपल्या हातात पहिलं काम पडतं ते ओळखपत्रांच्या अर्जांचं. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचा मोबाइल नंबर आणि अगदी खाली एक छोटा रकाना असतो, रक्तगट. दरवर्षी कितीतरी मुलांचा तो रकाना रिकामाच परत येतो, मग आपण पालकांना निरोप पाठवत बसतो. त्याच महिन्यात, १४ जूनला, जागतिक रक्तदाता दिवस असतो. हा दिवस ज्यांच्या जन्मदिनी साजरा होतो ते शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल लँडस्टायनर.

रक्तगट शोधणारे म्हणून त्यांचं नाव आपण मुलांना सांगतो, बहुतेक दोन ओळींत, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मीही अनेक वर्षं तेच करत होते. पण त्यांचं चरित्र वाचताना मला त्यांचा दुसरा एक शोध सापडला. त्याची ओळख करून द्यावी म्हणून हा लेख. शरीर स्वतःवरच हल्ला करतं असे जे आजार आहेत, त्यांतला पहिला पक्का पुरावा याच माणसाने दिला होता. आणि गंमत म्हणजे, शरीर असं काही करत नाही हेही त्यांच्याच रक्तगटाच्या तक्त्यातून दिसत होतं.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळच्या बाडेन या गावी झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार आणि संपादक. कार्ल सहा वर्षांचे असताना ते वारले. त्यानंतर आई फॅनी हिनेच त्यांना वाढवलं. आईवर त्यांचा इतका जीव होता की तिच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी शेवटपर्यंत आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला होता. एरवी हा माणूस अबोल, लाजाळू, माणसांत फारसा न रमणारा.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ साली ते डॉक्टर झाले. आता दवाखाना थाटायचा, असं कोणालाही वाटलं असतं. यांनी काय केलं, तर रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडले. झुरिक, वुर्झबर्ग, म्युनिक अशा ठिकाणी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केलं. वुर्झबर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. डॉक्टर झाल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं हे सोपं नाही. पण रक्ताकडे रसायनाच्या नजरेने बघायची सवय त्यांना इथेच लागली आणि ती जन्मभर पुरली.

व्हिएन्नाला परतल्यावर १८९८ ते १९०८ अशी दहा वर्षं ते विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात सहायक होते. काम कोणतं, तर शवविच्छेदन. या दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदनं केली. दिवसाचा मोठा भाग त्यात जायचा आणि उरलेल्या वेळात संशोधन. रक्तगटाचा शोध लागला तो याच काळात.

त्या वेळची परिस्थिती थोडी समजून घेऊ. एकाचं रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. अगदी सतराव्या शतकात कोकराचं रक्त माणसाला देऊन पाहिलं होतं. काही रुग्ण वाचायचे, काही तडफडून मरायचे, आणि का ते कोणालाच सांगता येत नव्हतं. दोन माणसांचं रक्त एकत्र केलं की कधी कधी गुठळ्या होतात हेही काहींच्या पाहण्यात आलं होतं. पण तो आजाराचा परिणाम असावा असं समजलं जायचं. लँडस्टायनर यांना वेगळाच प्रश्न पडला. निरोगी माणसांच्या रक्तातही असं होतं का?

त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्ताचे दोन भाग केले. एक तांबड्या पेशी आणि दुसरं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी. मग प्रत्येकाचं सीरम प्रत्येकाच्या पेशींवर घालून पाहिलं. सहा जणांचा एक तक्ता त्यांनी छापला आहे. आडव्या ओळी सहा, उभ्या ओळी सहा, घरं छत्तीस. गुठळ्या झाल्या तिथे अधिक, नाही झाल्या तिथे वजा. बस्स, इतकंच! ना महागडं यंत्र, ना मोठा निधी. १९०१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ए, बी आणि सी असे तीन गट होते. सी म्हणजेच आजचा ओ. चौथा एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना, डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांना सापडला.

आता त्या तक्त्याकडे जरा नीट बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढा. या रेघेवरच्या सहा घरांत प्रत्येकाचं सीरम त्याच्या स्वतःच्याच पेशींना भेटतं. तिथे सहाही ठिकाणी वजा आहे. ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये बी पेशींना पकडणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, असतात, पण ए पेशींना पकडणारे नसतात. बी गटात याच्या उलट. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही खुणा नाहीत, म्हणून त्याच्या सीरममध्ये दोन्ही प्रकारचे प्रतिपिंड असतात. जी खूण आपल्या अंगात आहे तिच्याविरुद्ध आपण हत्यार बाळगत नाही. आपल्याकडची राखणदार कुत्री जशी घरच्या माणसांवर भुंकत नाहीत, तसंच.

जाता जाता आपल्या मुंबईची गोष्ट सांगते. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अशा व्यक्ती शोधल्या, ज्यांचं रक्त ओ सारखं दिसायचं पण ज्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नव्हतं. हाच तो बॉम्बे रक्तगट. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो पायाच त्यांच्या पेशींवर नसतो, म्हणून ओ रक्तही त्यांच्या शरीराला परकं वाटतं. नियम मात्र तोच, जे आपल्याकडे नाही त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड.

तर, तिरकी रेघ वजा. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिश हे थोर शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोट बकऱ्यांवर प्रयोग करत होते. एका बकरीत दुसऱ्या बकरीचं रक्त टोचलं की त्या रक्ताला फोडणारे प्रतिपिंड तयार व्हायचे. पण स्वतःच्या रक्ताला फोडणारे प्रतिपिंड कधीच सापडले नाहीत. यावरून एर्लिश यांनी मांडलं की शरीराला स्वतःवर विषप्रयोग करण्याचा जणू धसका असतो आणि तसं होऊ नये अशी काही व्यवस्था आत असावी. लॅटिनमध्ये त्यांनी याला हॉरर ऑटोटॉक्सिकस असं भारदस्त नाव दिलं. त्यांचं म्हणणं तसं काळजीपूर्वक मांडलेलं होतं. पण मोठ्या माणसाचं वाक्य पुढच्या पिढ्यांकडे जाता जाता कसं कडक होत जातं, ते आपण शिक्षक मंडळी रोजच पाहतो. स्वतःविरुद्ध प्रतिपिंड असूच शकत नाहीत, असाच त्याचा अर्थ घेतला गेला.

आणि १९०४ साली लँडस्टायनर यांना तिरक्या रेघेवर अधिकचं चिन्ह सापडलं.

तो आजार होता थंडीने होणारा. काही रुग्ण गारठ्यात जाऊन आले की त्यांना हुडहुडी भरायची, ताप यायचा, पाठ दुखायची आणि लघवी गडद लाल किंवा काळपट व्हायची. तांबड्या पेशी शरीरातच फुटून त्यांतलं हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडायचं. त्या काळी यातल्या अनेक रुग्णांना सिफिलिस हा लैंगिक आजार असायचा, काहींना तर तो जन्मतःच आईकडून आलेला. हा आजार एर्लिश यांनाही ठाऊक होता. त्यांनी स्वतःच पूर्वी अशा रुग्णाचं बोट बांधून बर्फाच्या पाण्यात धरून पाहिलं होतं आणि त्या बोटातल्या रक्तात पेशी फुटलेल्या दिसल्या होत्या. पण फोडतंय कोण हे कळलं नव्हतं.

लँडस्टायनर यांनी व्हिएन्नातले डॉक्टर युलियस डोनाथ यांच्याबरोबर हा प्रश्न परीक्षानळीत आणला. रुग्णाचं सीरम आणि त्याच रुग्णाच्या तांबड्या पेशी एका नळीत घेतल्या. नुसत्या शरीराइतक्या उबेत ठेवल्या तर काहीच झालं नाही. मग नळी बर्फात ठेवली आणि नंतर उबेत आणली. सीरम लालभडक! पेशी फुटल्या होत्या. निरोगी माणसाच्या पेशी घेतल्या तरी रुग्णाचं सीरम त्यांनाही फोडायचं. उलट रुग्णाच्या पेशी निरोगी माणसाच्या सीरममध्ये ठेवल्या तर त्यांना धक्का लागत नव्हता. म्हणजे दोष पेशींत नव्हता, सीरममध्ये होता.

दोन पायऱ्यांमध्ये काय घडतं तेही त्यांनी उलगडलं. गारव्यात सीरममधला प्रतिपिंड पेशीला जाऊन चिकटतो. पण नुसतं चिकटून पेशी फुटत नाही. ऊब मिळाली की रक्तातच असलेला काँप्लिमेंट नावाचा प्रथिनांचा गट जागा होतो आणि ज्या पेशीवर प्रतिपिंड चिकटला आहे तिला भोक पाडतो. म्हणूनच रुग्णाला थंडी बाधायची ती हातापायांत आणि पेशी फुटायच्या रक्त आतल्या उबेत परतल्यावर. ही चाचणी आजही डोनाथ-लँडस्टायनर चाचणी म्हणूनच ओळखली जाते. आता हा आजार क्वचित दिसतो, आणि दिसला तर बहुधा लहान मुलांमध्ये, एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर.

तीनच वर्षांपूर्वी तिरक्या रेघेवर सगळे वजा छापणारा माणूस स्वतःच तिथे अधिक मांडतो आणि त्याची बिनतोड कारणमीमांसा देतो, हे मला फार मोठं वाटतं. आपलाच नियम मोडणारा पुरावा समोर आला की आपण काय करतो? मी तरी आधी नळीच बदलून पाहिली असती.

पण या शोधाचा गाजावाजा झाला नाही. सिफिलिसच्या रुग्णांतला एक विचित्र अपवाद म्हणून तो पुस्तकांच्या कोपऱ्यात राहिला.

लँडस्टायनर पुढच्या कामाला लागले. १९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान यांनी सिफिलिसची रक्तचाचणी काढली. त्यासाठी सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरत. लँडस्टायनर आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की निरोगी प्राण्याच्या अवयवाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच लागते. म्हणजे रुग्णाच्या रक्तातले हे प्रतिपिंड रोगजंतूलाच नव्हे, तर निरोगी ऊतींतल्या नेहमीच्या घटकालाही चिकटत होते. पुन्हा तीच दिशा! पण तेव्हा जगाला त्यातला उपयोग तेवढा दिसला, चाचणी स्वस्त झाली.

१९०८ मध्ये पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूतला अंश त्यांनी एर्विन पॉपर यांच्याबरोबर दोन माकडांना टोचला आणि आजार माकडांत उतरवून दाखवला. त्या अंशात जीवाणू सापडले नव्हते. पोलिओ विषाणूमुळे होतो हे कळण्याची ती सुरुवात. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या माझ्यासारख्या शिक्षकांना हे माहीत असायला हरकत नाही.

एवढं करूनही व्हिएन्नात त्यांना मोठं पद मिळालं नाही. प्राध्यापक ही पदवी १९११ मध्ये मिळाली, पण पगाराविना. पोटासाठी रुग्णालयातलं शवविच्छेदन चालूच. १९१६ साली हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. तोवर पहिलं महायुद्ध ऐन भरात आलं होतं. युद्ध संपलं तेव्हा व्हिएन्नात अन्न नाही, इंधन नाही आणि प्रयोगशाळेला पैसा नाही. १९१९ मध्ये कुटुंब घेऊन ते नेदरलँड्समधल्या हेग शहरी गेले आणि एका छोट्या कॅथलिक रुग्णालयात नोकरीला लागले. पन्नाशी उलटलेला, जगाला रक्तगट देणारा माणूस तिथे रोज लघवी-रक्ताच्या साध्या तपासण्या करत होता. त्यातूनही शोधनिबंध लिहीतच होता.

तिथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने त्यांना बोलावलं आणि पहिल्यांदा मनासारखी प्रयोगशाळा मिळाली. छोटे छोटे रासायनिक रेणू प्रथिनांना जोडून, प्रतिपिंड किती बारीक फरक ओळखतो हे त्यांनी तपासलं. रेणूवरचा एक गट इकडचा तिकडे केला तरी प्रतिपिंडाला फरक कळतो, हे त्यातून दिसलं. रक्तगटांपेक्षा आपलं हेच काम मोठं आहे असं त्यांना वाटायचं. १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी एम, एन आणि पी या रक्तातल्या आणखी खुणा शोधल्या. १९३० साली नोबेल मिळालं ते मात्र माणसाच्या रक्तगटांसाठी, शोधानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी आरएच घटक जाहीर केला. आपल्या रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणजे तेच. २४ जून १९४३ रोजी हातात पिपेट घेऊन काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

आता यातली पी ही खूण लक्षात ठेवा. १९०४ च्या त्या थंडीच्या आजारात प्रतिपिंड पेशीवर नेमकं कुठे चिकटतो, हे १९६० च्या दशकात लेव्हिन यांच्याच गटाने शोधलं. ती जागा निघाली याच पी कुटुंबातली. लँडस्टायनर यांनी कुलूप आणि किल्ली दोन्ही शोधली होती, वेगवेगळ्या शहरांत, तेवीस वर्षांच्या अंतराने. ती एकमेकांना लागतात हे मात्र त्यांना कळलं नाही.

आणि तिरक्या रेघेचं काय झालं? १९५६ साली अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ या तरुण संशोधकाने सशांना सशांच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. सशांनी स्वतःच्या थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंड बनवले आणि त्यांची ग्रंथी बिघडली. रोझ यांचे गुरू विटेब्स्की हे एर्लिश यांच्या शिष्यपरंपरेतले. त्यांना ते पटेना, प्रयोग पुन्हा पुन्हा करावे लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि कॅम्पबेल यांना थायरॉइडच्या एका आजाराच्या रुग्णांच्या रक्तात असेच प्रतिपिंड सापडले. तेव्हा कुठे ऑटोइम्यून आजार हा शब्द वैद्यकात स्थिरावू लागला. १९०४ ते १९५६, मोजून बावन्न वर्षं.

या बावन्न वर्षांचं मला का वाटतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात टाइप वन मधुमेहाची एक मुलगी होती. डबा खायच्या आधी इन्सुलिन घ्यायची. या आजारात शरीराची संरक्षण व्यवस्था स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते आणि बहुतेक रुग्णांच्या रक्तात सुरुवातीला त्या पेशींविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या आईला मात्र प्रत्येकजण काहीतरी ऐकवायचा. लहानपणी गोड फार दिलं असेल. नीट खाऊपिऊ घातलं नाही, म्हणून प्रतिकारशक्ती कमी राहिली. कोणी काढे सुचवायचं, कोणी पावडरी. पालकसभेत ती माऊली मान खाली घालून बसायची. आणि एकदा मीच तिला मुलीचं गोड खाणं आधी आवरायला हवं होतं, असं म्हणाले होते.

गोड खाण्याने हा आजार होत नाही. यात प्रतिकारशक्ती कमीही नसते, तिचा नेम चुकलेला असतो. संधिवात असलेली मुलं, काही थायरॉइडचे रुग्ण, ल्यूपसचे रुग्ण, यांचंही मूळ असंच. पुढच्या सभेला मी फळ्यावर तो छत्तीस घरांचा तक्ता काढला, तिरक्या रेघेवर एकच अधिकचं चिन्ह केलं आणि आधी त्या आईची माफी मागितली.

वर्गात करून बघायचं असेल तर सोपं आहे. सहा मुलं उभी करा. दोघांना ए, दोघांना बी, दोघांना ओ अशा चिठ्ठ्या द्या. बाकीच्या मुलांना वहीत छत्तीस घरं आखायला सांगा. डावीकडे सीरम कोणाचं, वर पेशी कोणाच्या. ए चं सीरम बी पेशींच्या गुठळ्या करतं, बी चं ए च्या, ओ चं दोघांच्याही. ओ च्या पेशींच्या गुठळ्या मात्र कोणीच करत नाही. घरं भरून झाली की तिरकी रेघ ओढायला लावा आणि तिथे काय दिसतं ते विचारा. माझ्या चौथीच्या वर्गाला हे सगळं करायला एक तासिका पुरली, फक्त तक्ता आदल्या दिवशी घरून आखून आणायला सांगा, नाहीतर अर्धा वेळ पट्टी शोधण्यातच जातो.